बातमी आधी, हकिकत मागून

पत्र

सप्रेम नमस्कार,

माझी पहिली कादंबरी लिहून झाली आहे, निदान मला तसं वाटत होतं. आई गेल्यावर दोन बहिणी घर रिकामं करायला तीन दिवस जुन्या घरी एकत्र येतात. कथा धाकटी सांगते. ती नऊ वर्षांची असताना वडील एका रात्री घरातून गेले ते परत आलेच नाहीत. ती सव्वीस वर्षांची झाल्यावर थोरलीनं तिला सांगितलं की वडील आपणहून गेले नव्हते, आईनंच त्यांना जायला सांगितलं होतं, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. आता धाकटी त्रेचाळीस वर्षांची आहे.

हे तीन काळ मी आलटूनपालटून लिहिले आहेत. एकूण ३८ प्रकरणं : आजची १६, लहानपणाची १५, भांडणाच्या वर्षाची ७. वडील गेले ती रात्र ३६व्या प्रकरणात येते आणि गुपित तिथंच फुटतं. चौघांना वाचायला दिलं. दोघं नवव्या-दहाव्या प्रकरणाशी थांबले. म्हणाले, ‘आपण कधी, कुठे आहोत तेच कळत नाही.’ मग मी सगळं सरळ क्रमानं मांडून पाहिलं. आता सगळं कळतं, पण कथेतला जीव गेला. काय करू? सरळ ठेवू की उलटसुलट? प्रत्येक प्रकरणावर साल टाकलं तर भागेल का? पहिली बारा प्रकरणं आणि पुढचा आराखडा सोबत पाठवते आहे.

– एक लेखिका

उत्तर

नमस्कार,

तुमची बारा प्रकरणं मी दोनदा वाचली. एकदा सलग, आणि एकदा पेन्सिल घेऊन. आधी निकाल सांगतो, कारणं मागून देतो : सरळ करू नका. तुमच्या दोघी बहिणी एकेक कपाट उघडत जातात आणि प्रत्येक कपाटातून त्यांचं लहानपण बाहेर येतं. ही कथा आजपासून मागे जाण्यासाठीच जन्मली आहे. ती नवव्या वर्षापासून त्रेचाळिसाव्यापर्यंत ओळीनं सांगितली की नुसती जंत्री होते.

पण तुमच्या वाचकांची तक्रारही खरी आहे. फक्त तिचं कारण त्यांनी सांगितलं ते नाही. वाचताना मी कुठल्या वर्षात आहे हे मला प्रत्येक वेळी कळत होतं, कारण तुम्ही मुलीचं वय कुठे ना कुठे सांगताच. मला कळत नव्हतं ते हे, की मला आत्ता इथं का आणलं. वाचक ‘कुठे आहोत कळत नाही’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याला ‘इथं कशासाठी आलो’ असं विचारायचं असतं. हातात एखादा प्रश्न असला की तो तीस वर्षं मागे उडी मारायलाही आनंदानं तयार होतो. प्रश्नच नसेल तर कालच्या दिवसात जायलाही त्याचे पाय अडतात.

याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्या घरातच आहे. संजय धृतराष्ट्राला युद्धाची हकिकत सांगतो हे आपण सगळे जाणतो, आणि बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चित्र असतं ते धावत्या वर्णनाचं : तिकडे घडतंय, इकडे तो सांगतोय. भीष्मपर्व उघडून पाहा. तिथं संजय रणांगणावरून परत येतो आणि पहिल्या प्रथम सांगतो की भीष्म पडले. म्हणजे दहाव्या दिवसाची बातमी आधी. धृतराष्ट्र कोसळतो, विलाप करतो आणि विचारत सुटतो : कसे पडले? कोण होतं जवळ? आपल्या बाजूच्यांनी त्यांना राखलं कसं नाही? त्यानंतर हकिकत पहिल्या दिवसापासून सुरू होते. गीता येते ती या मागे गेलेल्या हकिकतीत. पहिल्याच श्लोकातलं ‘किमकुर्वत’ हे क्रियापद भूतकाळी आहे. ‘काय करताहेत?’ असं धृतराष्ट्र विचारत नाही, तो ‘काय केलं?’ असं विचारतो. अर्जुन धनुष्य खाली ठेवतो आणि भीष्मांवर बाण कसा सोडू म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की बाण सुटले आहेत आणि भीष्म शरशय्येवर आहेत. द्रोणपर्व आणि कर्णपर्वही असंच सुरू होतं. मृत्यूची बातमी आधी, मग तो कसा आला ते.

बातमी आधी दिल्यानं उत्कंठा संपली का? उलट, प्रश्नाची जात बदलली. ‘काय होणार?’ हा प्रश्न एका वाचनात मरतो. ‘असं कसं झालं?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा वाचलं तरी जिवंत राहतो.

आता तुमच्या कादंबरीकडे या. कथा सांगणारी त्रेचाळीस वर्षांची आहे. आईनं बाबांना घालवलं हे तिला सतरा वर्षांपासून माहीत आहे. त्यापायीच ती ताईशी बोलत नाही. तरीही पहिल्या प्रकरणापासून छत्तिसाव्यापर्यंत ती आपल्याशी जणू ते माहीतच नसल्यासारखं बोलते. ताईला दारात पाहून तिच्या मनात काय आलं हे तुम्ही दीड पान लिहिलं आहे, सुंदर लिहिलं आहे, आणि त्या दीड पानात ती एकच गोष्ट आठवत नाही जी तिला सगळ्यात आधी आठवली असती. ही काळाची अडचण नाही, ही लपवाछपवी आहे. वाचकाला ती बोट ठेवून दाखवता येत नाही, पण जाणवते. आपल्याला विश्वासात घेतलेलं नाही हे कळलं की तो हळूहळू हात सोडवून घेतो. सांगणाऱ्याला माहीत असलेली गोष्ट वाचकापासून राखून ठेवायची असेल तर त्या माणसाला ती राखण्याचं स्वतःचं कारण हवं : लाज, भीती, कोणाला दिलेला शब्द. लेखकाला शेवटी धक्का द्यायचा आहे, हे कारण त्या पात्राचं होत नाही.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात मोठा सल्ला : छत्तिसाव्या प्रकरणातली बातमी पहिल्या प्रकरणात आणा. चार ओळींत, कोरडेपणानं, ताई दार उघडते त्याच क्षणी. बाबा गेले नाहीत, त्यांना घालवलं. आईनं. आणि ताईनं ते ऐकलं, आणि सतरा वर्षं मला सांगितलं नाही. मग पाहा, वाचकाच्या हातात किती प्रश्न येतात. आईनं का घालवलं? त्या रात्री तेरा वर्षांच्या ताईनं नेमकं काय ऐकलं, आणि किती? गप्प का राहिली? आणि एवढं सगळं असताना या दोघी एका छपराखाली तीन दिवस काढणार कशा? तुमचे तिन्ही काळ यांचीच उत्तरं शोधत मागेपुढे जातील.

आता ते नववं प्रकरण, जिथं तुमचे दोघे वाचक थांबले. धाकटीला आईच्या कपाटात, कपड्यांच्या तळाशी, बाबांचा चष्मा सापडतो. डबीत नीट ठेवलेला, काच न तडकलेला. मी तिथं वाचता वाचता थांबलो. माणूस घर सोडून जातो आणि चष्मा मागे राहतो! घाईत राहिला? कोणी घेऊ दिला नाही? की तो परत येणार होता? तुम्ही फार मोलाची वस्तू वाचकाच्या हातात दिलीत. आणि पान उलटलं तर दहाव्या प्रकरणात शाळेतली धावण्याची शर्यत. मुलगी धावते, दुसरी येते, बाबा कडेला उभे राहून टाळ्या वाजवतात. प्रसंग वाईट नाही. पण मी चष्म्याचा विचार करत होतो आणि तुम्ही मला मैदानावर नेऊन सोडलंत. तुमचे वाचक काळात हरवले नव्हते, त्यांच्या हातातली वस्तू काढून घेतली म्हणून ते उठून गेले.

दुरुस्ती अगदी छोटी आहे. शर्यत तिथंच राहू द्या. फक्त त्या दिवशी बाबांनी चष्मा घातलेला नसू दे. घाईत घरी राहिला असेल, धाकटीनंच खेळता खेळता लपवला असेल, तुमचं तुम्ही ठरवा. बाबा कडेला उभे आहेत, डोळे बारीक करून पाहताहेत, आणि मुली जवळ येताच जोरजोरात टाळ्या वाजवतात ते दुसऱ्याच मुलीसाठी. आता तो प्रसंग लहानपणाची नुसती आठवण उरत नाही. चष्म्याशिवाय त्यांना स्वतःची मुलगी वीस पावलांवर ओळखू येत नाही हे वाचकाला कळलं. असा माणूस रात्रीच्या अंधारात चष्म्याविना घराबाहेर पडला, हे तुम्ही कुठेही लिहायचं नाही. वाचक ते स्वतःच जोडेल, आणि त्यानं जोडलेलं तुम्ही लिहिलेल्यापेक्षा खोल जाईल.

प्रत्येक उडी अशी तपासा. सोडताना वाचकाच्या हातात काय होतं आणि उतरताना त्याचा उपयोग झाला का? उत्तर पूर्ण मिळायला हवं असं नाही. अर्धं मिळालं, किंवा प्रश्नाचं रूप पालटलं, तरी पुरतं.

सालाचं विचारलंत. टाकायचं तर टाका, पण त्यावर विसंबू नका. विल्यम फॉकनरची ‘द साऊंड अँड द फ्यूरी’ ही कादंबरी १९२९ साली आली. तिच्या चारही भागांना मथळ्याच्या जागी तारखा आहेत : ७ एप्रिल १९२८, २ जून १९१०, ६ एप्रिल १९२८, ८ एप्रिल १९२८. याहून स्पष्ट काय हवं? तरीही पहिल्या भागात भलेभले चाचपडतात, कारण तो ज्याच्या मनातून सांगितला आहे त्या बेंजीला काल आणि आज वेगळे कळतच नाहीत, आणि एका परिच्छेदात तो तीस वर्षांत फिरून येतो. वेगवेगळे काळ वेगवेगळ्या रंगांच्या शाईत छापावेत अशी फॉकनरची इच्छा होती. तेव्हा ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिरप्या अक्षरांवर भागवलं गेलं. रंगीत शाईतली आवृत्ती निघाली ती २०१२ साली, लेखकाच्या मृत्यूला ५० वर्षं झाल्यावर. मधली सगळी वर्षं लोकांनी ती कादंबरी कशाच्या आधारानं वाचली? एक खूण अशी, की बेंजीला सांभाळणारा मुलगा बदलत जातो. वर्श असला की बेंजी लहान, टी. पी. असला की मधला काळ, लस्टर असला की आजचा. सोबत कोण आहे यावरून काळ कळतो. वरच्या तारखेपेक्षा ही प्रसंगाच्या आतली खूण जास्त टिकते, कारण तारीख वाचक दोन ओळींत विसरतो, माणसाला विसरत नाही.

मराठीत तर अशा खुणांची चंगळ आहे आणि तुम्ही त्या वापरलेल्याच नाहीत याचं मला वाईट वाटलं. आपल्याकडे माणसाला हाक मारण्याच्या पद्धतीत त्याचं वय असतं. तुमच्या धाकटीला बाबा ज्या लाडाच्या नावानं हाक मारत ते नाव बाबांबरोबर घरातून गेलं, असं करा. मग पुढे कुठंही ते नाव आलं की वाचकाला कळेल, आपण नवव्या वर्षात आहोत. थोरली लहानपणी ‘ताई’, भांडणानंतर नुसती ‘ती’, आणि आजच्या भागात ताईच्या मुलीशी बोलताना ‘तुझी आई’. एकाच बाईचे हे तीन शब्द तीन काळ वेगळे ठेवतील आणि त्याच वेळी बहिणींमधलं अंतरही सांगतील. आणि मग तिसऱ्या दिवशी कधीतरी धाकटीच्या तोंडून ‘ताई’ निघून गेलं, तर त्या दोन अक्षरांत किती वर्षं एकदम परत येतील!

दुसरी गोष्ट क्रियापदांची. इथं जरा रेंगाळतो, कारण बाराही प्रकरणांत पेन्सिलीच्या खुणा सगळ्यात जास्त इथंच पडल्या. तुम्ही लहानपणात शिरलात की सगळी वाक्यं ‘होतं’वर संपतात. ‘बाबा आले होते. त्यांनी पिशवी ठेवली होती. आईनं पाहिलं नव्हतं.’ दहा पानं असं वाचलं की प्रसंग धुक्याच्या काचेपलीकडे घडतो आहे असं वाटू लागतं. ‘होतं’ हा उंबरठा आहे. तो ओलांडायचा, त्यावर बसून राहायचं नाही. पहिली दोन-तीन वाक्यं ‘होतं’ची ठेवा, वाचक मागे गेला हे नक्की होऊ द्या, आणि मग साध्या भूतकाळात या : ‘बाबा आले. पिशवी ठेवली. आईनं पाहिलं नाही.’ परतताना पुन्हा एखादं ‘होतं’ पुरे, किंवा त्याहून चांगलं म्हणजे आजच्या घरातला एखादा आवाज. ताईनं पलीकडच्या खोलीत ओढलेलं खोकं फरशीवर घासलं, की आपण परत आलो.

आणि ‘यायचे, बसायचे, म्हणायचे’ हे आपलं रीतिरूप! शंभर संध्याकाळी एका वाक्यात बांधायची ताकद त्यात आहे. जेरार जेनेट या फ्रेंच अभ्यासकानं १९७२ साली कथेतल्या काळाचा विचार करताना क्रम आणि कालावधी यांच्या जोडीला वारंवारतेलाही तेवढीच जागा दिली : अनेकदा घडलेलं एकदाच सांगणं, एकदा घडलेलं अनेकदा सांगणं. आपल्याकडे पहिल्यासाठी वेगळं रूपच तयार आहे. ‘बाबा रोज संध्याकाळी पायरीवर बसायचे. मी त्यांच्या चपलांत पाय घालून चालायचे.’ वाचक त्या सवयीत शिरतो, आणि मग ‘एका संध्याकाळी बाबा पायरीवर नव्हते’ म्हटलं की पोटात खड्डा पडतो. तुमच्या पाचव्या प्रकरणात हे नकळत एकदा साधलं आहे. तिथं मी मोठी खूण केली आहे, बरोबरची.

‘आज, काल, उद्या’ हे शब्द मात्र फक्त त्रेचाळीस वर्षांच्या धाकटीकडे ठेवा. लहानपणात ‘त्या दिवशी, आदल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी’. सातव्या प्रकरणात ‘काल’ दोन काळांत दोनदा आला आहे आणि मीसुद्धा अडखळलो.

आता जरा कठीण गोष्ट. भांडणाच्या वर्षाची ती सात प्रकरणं. आराखड्यात मी ती वेगळी काढून सलग वाचली. लहानपणाची पंधरा तशी वाचली तर ती स्वतःच्या पायावर उभी राहतात. आजची सोळाही राहतात. ही सात नाहीत. त्यांच्यात काही घडत नाही, ती फक्त बाकीच्या दोन काळांना समजावून सांगतात. एखादा काळ वेगळा काढून वाचला आणि कथा म्हणून टिकला नाही, तर त्याला स्वतंत्र धागा करू नये. बातमी पहिल्या प्रकरणात आल्यावर त्यांचं उरलंसुरलं कामही संपतं. त्यातलं फोनवरचं भांडण ठेवा. ते फार खरं आहे. ते आजच्या भागात एका रात्री सलग आठवू द्या. बाकी सहा काढा. एवढ्या कष्टानं लिहिलेलं काढायला सांगतो आहे, त्यामागची तुमची मेहनत मला दिसते आहे, तरीही सांगतो. दोन काळ एकमेकांवर घासतात तेव्हा ठिणगी पडते, तिसऱ्यानं तुमच्याकडे फक्त गर्दी झाली आहे.

तुम्ही सरळ क्रमानं मांडलेला मसुदा फेकू नका. तो छापायचा नाही, पण त्याच्यासारखं हत्यार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियन समीक्षकांनी या दोन गोष्टींना वेगळी नावंच दिली : घडलं त्या क्रमानं असलेली सामग्री ती फाबुला, आणि सांगितली जाते ती मांडणी स्यूझेत. सरळ मसुदा ही तुमची फाबुला आहे. ती पक्की असेल तरच मांडणीत हवं तसं खेळता येतं. आणि ती अजून पक्की नाही. तुमच्या हिशेबानं ताई चार वर्षांनी मोठी, म्हणजे बाबा गेले तेव्हा तेरा वर्षांची. चौथ्या प्रकरणात मात्र त्याच वर्षी ती कॉलेजात जाते. तेरा वर्षांची मुलगी दारामागून काही ऐकते आणि गप्प राहते हे मला समजतं. सतरा वर्षांची गप्प राहिली तर तिचा दोष फार वाढतो. म्हणजे ही नुसती बेरजेची चूक नाही. एक तक्ता करा : प्रकरण, वर्ष, दोघींची वयं, त्या क्षणी कोणाला काय माहीत आहे, वाचकाला काय माहीत आहे, आणि शेवटी वाचक कुठला प्रश्न घेऊन उठतो. शेवटचा रकाना जिथं रिकामा राहील तिथं तुमचा पुढचा वाचक पुस्तक खाली ठेवणार.

राहिली ती रात्र. ती छत्तिसाव्या प्रकरणातून अलीकडे आणा, साधारण दोन-तृतीयांशावर. छत्तिसाव्यातच ठेवून लगेच कादंबरी संपवली तर ती रात्र नुसतं कोड्याचं उत्तर होते. ताईनं काय ऐकलं ते वाचकाला कळू द्या, आणि मग दोघींना त्या घरात अजून एक अख्खा दिवस राहू द्या. कपाटं रिकामी झाली आहेत, बोलायचं ते बोलून झालं आहे, आणि चष्मा अजून टेबलावर आहे. तो कोण घेऊन जाणार? तुमच्या आराखड्यात याचं उत्तर नाही. मला वाटतं, ते अजून तुम्हालाही माहीत नाही, आणि तेच प्रकरण मला सगळ्यात आधी वाचायचं आहे.

तोवर सगळी कादंबरी उलथीपालथी करायला घेऊ नका. पहिलं, नववं आणि दहावं, एवढी तीनच प्रकरणं नव्यानं लिहा आणि दहाव्याशी थांबलेल्या त्या दोघांपैकी एकाला पुन्हा द्या. कसं वाटलं हे विचारू नका. दहावं संपल्यावर अकरावं मागतो का, एवढंच पाहा.